प्राचीन भूमध्य व्यापारावर संशोधन करायचे आहे? मग क्रम असा ठेवा

ग्रीक-रोमन पुरातत्त्वात, त्यातही प्राचीन भूमध्य समुद्रातल्या व्यापारावर पीएचडी करायची इच्छा असलेले मराठी विद्यार्थी आता बरेच भेटतात. तयारी मनापासून केलेली असते, पण क्रम बहुतेकांचा एकच: आधी विद्यापीठांची यादी, मग शिष्यवृत्ती, मग घाईघाईने एक 'विषय', आणि ग्रीक-लॅटिन म्हणजे प्रवेश मिळाल्यावर शिकायची गोष्ट. अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक वेळा याच क्रमामुळे, गुणांमुळे नव्हे.

कामाचा क्रम असा: भाषा, हातात खापर, प्रश्न, साहित्याची परवानगी, मार्गदर्शक, पैसा, अर्ज. पदवीच्या दुसऱ्या वर्षी सुरुवात केलीत तर अर्जापर्यंत साधारण तीन वर्षे धरा. एमएनंतर सुरुवात केलीत तरी काम तेवढेच आहे, म्हणून वेळही तेवढाच ठेवा.

## टप्पा १: भाषा

अमेरिकेतल्या किंवा ब्रिटनमधल्या निवड समितीसमोर तुमच्याबरोबर ज्यांचे अर्ज असतात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी दोन्ही प्राचीन भाषा काही वर्षे शिकलेल्या असतात. 'मी व्यापारावर काम करणार, साहित्यावर नाही' हे उत्तर तिथे चालत नाही. त्याचे कारण खापरांमध्येच आहे. ऱ्होड्स बेटावरच्या अँफोरांच्या, म्हणजे दोन कानांच्या मालवाहू कुंभांच्या, कानांवर ठसे असतात. एका कानावर 'एपि' ('च्या काळात') हा शब्द आणि त्यापुढे त्या वर्षीच्या हेलिओसच्या, म्हणजे सूर्यदेवाच्या, पुजाऱ्याचे नाव षष्ठीत. दुसऱ्या कानावर कुंभ बनवणाऱ्याचे नाव. आणि दोहोंपैकी एकावर महिना. पुजाऱ्याच्या नावावरून वर्ष ठरते. ठसा अर्धा झिजलेला असतो, तेव्हा उरलेल्या चार अक्षरांवरून विभक्ती ओळखता आली तरच नाव जुळवता येते.

आधी कोणती भाषा घ्यायची? पूर्व भूमध्य, इजिप्त, तांबडा समुद्र आणि भारताकडे येणारा व्यापार हे तुमचे क्षेत्र असेल तर ग्रीक. स्पेन, गॉल (आजच्या फ्रान्सचा परिसर), उत्तर आफ्रिका असेल तर लॅटिन. दुसरी भाषा एका वर्षाच्या आत सुरू करा, पण दोन्ही एकाच महिन्यात सुरू करू नका.

संस्कृत शिकलेल्यांना इथे खरा फायदा आहे. ग्रीकमधले द्विवचन, आत्मनेपदासारखा प्रयोग, विभक्तींनी चालणारे वाक्य, यांतले काहीच परके वाटत नाही. तेवढ्यावर थांबणे मात्र महागात पडते. अर्जात 'संस्कृत उत्तम' हे ग्रीकच्या जागी भरता येत नाही.

शिकायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. परदेशी विद्यापीठांचे उन्हाळी सघन वर्ग असतात, काही ऑनलाइनही चालतात. आपल्याकडे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या संस्थांमध्ये नव्या कराराची ग्रीक शिकवतात. सुरुवातीला ती चांगली आहे, पण वर्षभरात अ‍ॅटिक, म्हणजे अभिजात काळातल्या अथेन्सच्या ग्रीक, गद्याकडे वळा, कारण प्रवेशाच्या चाचण्या त्यावर असतात.

आधुनिक भाषांपैकी जर्मन, फ्रेंच आणि इटालियन वाचता आल्या पाहिजेत. उत्खननांचे अहवाल त्या भाषांत आहेत आणि त्यांची भाषांतरे होत नाहीत. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवन आणि आलियाँस फ्राँसेझ आहेत. एक भाषा पदवीच्या काळातच पुरी करा.

सावधान: खासगी शिक्षकाकडे शिकलात तर प्रमाणपत्र नसते. अशा वेळी कोणता ग्रंथ, कुठून कुठपर्यंत, किती तासांत वाचला याचे शिक्षकाच्या सहीचे पत्र घ्या. 'दोन वर्षे ग्रीक शिकलो' एवढ्या एका ओळीला किंमत नाही.

तपासा: 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या सागरी मार्गदर्शिकेतला ५१ वा परिच्छेद काढा. भडोचहून पैठण आणि तेर किती दिवसांच्या वाटेवर, याचा त्यात उल्लेख आहे. अनुवाद न पाहता, फक्त कोश घेऊन तो तासाभरात लागतो का? लागत असेल तर पुढच्या टप्प्याकडे चला.

## टप्पा २: हातात खापर

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मोलाचा आहे. व्यापाराचा पुरावा म्हणजे मुख्यतः फुटके कुंभ. ते ओळखता, मोजता आणि काढता येत नसतील तर तुमचा प्रबंध दुसऱ्यांच्या तक्त्यांवर उभा राहतो, आणि ते तक्ते चुकीचे असले तरी तुम्हाला कळत नाही.

प्राथमिक शिक्षण इथेच घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एमएला मैदानी प्रशिक्षण असते. ते प्राचीन भारतीय मृद्भांड्यांवर असले तरी हात तयार होतो. हे एवढे जमलेच पाहिजे:

१. निवड. काठ, कान, बूड आणि ठसा किंवा लेखन असलेले तुकडे वेगळे काढा. अंगाचे तुकडे फेकू नका. ते मातीच्या पोतानुसार गट करून मोजा आणि वजन करा.

२. काठाचा कोन. काठाचा तुकडा सपाट काचेवर पालथा ठेवा आणि हळूहळू मागेपुढे कलवा. काठ आणि काच यांच्यामधून उजेड दिसेनासा होतो तो खरा कोन. कोन चुकला की सरळ गळ्याचा कुंभ चित्रात पसरट वाडगा होतो.

३. व्यास. समकेंद्री वर्तुळांच्या तक्त्यावर काठ जुळवा. व्यासाबरोबर काठाचा किती टक्के भाग उरला आहे तेही लिहा. पाच टक्क्यांहून कमी उरला असेल तर त्या व्यासावर विसंबू नका.

४. मातीचा पोत. परवानगी असेल तरच पकडीने छोटी ताजी तोड काढा आणि दहापट भिंगाखाली पाहा. कणांचा रंग, आकार, गोलाई, दाटी आणि सारखेपणा या पाच गोष्टी दर वेळी याच क्रमाने नोंदवा. रंगासाठी मन्सेल तक्ता वापरा. 'विटकरी' किंवा 'बदामी' लिहून भागत नाही.

५. चित्र. छेद डावीकडे की उजवीकडे, हे देशागणिक आणि प्रकल्पागणिक बदलते. पहिल्या दिवशीच विचारा.

चौथ्या पायरीवर महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने विशेष जपायला हवे. इटलीत व्हेसुव्हियसच्या परिसरात बनलेल्या मद्याच्या अँफोरांच्या मातीत ऑजाइट या ज्वालामुखी खनिजाचे चकचकीत काळे कण असतात. ते त्यांचे ओळखचिन्ह मानले जाते. पण आपला दख्खनही ज्वालामुखी खडकाचाच, आणि बेसाल्टमध्येही ऑजाइट असते. म्हणून पैठण-तेरच्या परिसरातल्या खापरात काळा कण दिसला की लगेच 'इटली' लिहू नका. कान कसा आहे ते पाहा. कोस बेटाच्या आणि त्यांच्या नमुन्यावर इटलीत बनलेल्या कुंभांचा कान दोन दांड्या जोडल्यासारखा असतो, त्याचा छेद इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो. पोत आणि आकार दोन्ही जुळले तरच नाव द्या. तरीही शंका असेल तर पातळ छेद काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते.

दुसरी नेहमीची गफलत आतल्या काळ्या थराची. भारतातल्या किनाऱ्यावरच्या आणि आतल्या स्थळांवरची अनेक खापरे पूर्वी 'रोमन अँफोरा' म्हणून नोंदवली गेली. पुढे रॉबर्टा टॉम्बर यांच्यासारख्या तज्ज्ञांनी ती पुन्हा तपासली तेव्हा त्यांतली बरीच मेसोपोटेमिया-इराणकडची 'टॉर्पेडो' कुंभांची निघाली. टॉर्पेडोला कान नसतात आणि आतून डांबर लावलेले असते. भूमध्य समुद्रातल्या मद्याच्या अँफोराला दोन कान असतात आणि आतला थर पाइनच्या राळेचा असतो. कान सापडले नाहीत आणि थर काळा आहे, एवढ्यावर निर्णय देऊ नका. हा फरक साधा नाही: एक चूक झाली की इराणी आखाताचा व्यापार रोमच्या खात्यावर जमा होतो.

यानंतर एक हंगाम भूमध्य प्रदेशात घालवा. अथेन्सच्या आगोरासारखी काही उत्खनने विद्यार्थी स्वयंसेवक घेतात, बाकीच्या बऱ्याच ठिकाणी शुल्क असते. शुल्क भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: खापरांच्या शेडमध्ये किती दिवस काम मिळेल? महिनाभर फक्त कुदळ चालवून या विषयाचे शिक्षण होत नाही.

सावधान: शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. सलग दोन प्रकल्प जोडताना प्रवासाचे दिवसही यात धरा.

## टप्पा ३: विषय नव्हे, प्रश्न

'रोम आणि भारत यांचा व्यापार' हा विषय झाला. त्यावर कोणी मार्गदर्शक मिळत नाही. प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर 'नाही' असेही येऊ शकेल.

उदाहरण घ्या. रोममध्ये मॉन्ते टेस्टाच्चो नावाची टेकडी आहे. ती बहुतांशी दक्षिण स्पेनहून आलेल्या तेलाच्या, 'ड्रेसेल २०' या प्रकारच्या फुटक्या कुंभांची आहे. एका कुंभात साधारण ७० लिटर तेल मावायचे आणि रिकामा कुंभच ३० किलोच्या आसपास भरायचा. कुंभांवर शाईने रिकामे वजन, जहाजातून माल पाठवणाऱ्याचे नाव, तेलाचे वजन आणि तपासणीची नोंद लिहिलेली असे, तपासणीच्या नोंदीत त्या वर्षीच्या कॉन्सलांच्या, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, नावाने वर्षही येते. आता प्रश्न: हा खुला व्यापार, की सरकारी पुरवठा? हा प्रश्न चांगला आहे, कारण दोन्ही बाजूंनी पुरावा मोजता येतो.

प्रश्न ठरवताना तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

*खापरांची संख्या म्हणजे व्यापाराचे प्रमाण, असे समजणे.* जाड, गोल कुंभाचे तुकडे मोठे आणि जड होतात, पातळ कुंभाचे असंख्य होतात. संख्या, वजन आणि काठाचे टक्के हे तिन्ही दिल्याशिवाय तुलना करू नका.

*जे कुजते ते विसरणे.* धान्य, कापड, कातडी, गुलाम यांतले काहीच खापरांत दिसत नाही. भारताकडून जाणारी मिरी आणि मलमल तर नाहीच नाही. मुझिरिस या केरळातल्या प्राचीन बंदराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, व्हिएन्नात असलेल्या पपायरसात 'हर्मापोलोन' या जहाजाच्या मालात हस्तिदंत आणि जटामांसी आहेत, आणि रोमला २५ टक्के जकात द्यावी लागे. एक कागद शेकडो खापरांनी न सांगितलेले सांगतो. म्हणून भाषा आधी.

*बुडालेल्या जहाजांचा आलेख म्हणजे व्यापाराचा आलेख, असे मानणे.* प्रकाशित सूचीत इसवी सनाच्या सुरुवातीच्या आगेमागे शिखर दिसते. पण अँफोरांचा ढीग समुद्रतळावर पाणबुड्याला सहज दिसतो, तर पुढच्या काळातली लाकडी पिंपे कुजून जातात. शिवाय फ्रान्स-इटलीच्या किनाऱ्यावर पाणबुडे जास्त फिरले आहेत.

तपासा: तुमचा प्रश्न दोन वाक्यांत लिहा. तिसऱ्या वाक्यात लिहा: कोणता पुरावा मिळाला तर माझे म्हणणे खोटे ठरेल? हे वाक्य सुचत नसेल तर तुमच्याकडे अजून विषयच आहे.

## टप्पा ४: साहित्य कोणाचे आहे?

प्रस्ताव लिहिण्याआधी हा प्रश्न सुटला पाहिजे. उत्खननातून निघालेल्या अप्रकाशित साहित्याच्या अभ्यासाचा हक्क उत्खनन करणाऱ्याकडे असतो, आणि तो पुढे कोणाला तरी आधीच दिलेला असू शकतो. 'अमुक बंदरातल्या अँफोरांचा मी अभ्यास करीन' असा प्रस्ताव परवानगीविना पाठवला की मार्गदर्शकाला दुसऱ्या परिच्छेदातच कळते की या विद्यार्थ्याला क्षेत्र माहीत नाही.

ग्रीसमध्ये परदेशी संशोधकांचे काम तिथल्या परदेशी पुरातत्त्व संस्थांमार्फत चालते. १८८१ ची अमेरिकन आणि १८८६ ची ब्रिटिश संस्था ही त्यांतली मोठी नावे. भारताची अशी संस्था अथेन्समध्ये नाही, म्हणून तुम्हाला तुमच्या परदेशी विद्यापीठाच्या सदस्यत्वातून जावे लागते. नमुना कापून तपासायचा असेल तर तिथल्या संस्कृती मंत्रालयाची स्वतंत्र परवानगी लागते आणि ती यायला महिने जातात.

सुरक्षित मार्ग असा: पहिला प्रस्ताव प्रकाशित साहित्यावर लिहा. साउदम्प्टन विद्यापीठाने तयार केलेला रोमन अँफोरांचा डिजिटल संग्रह, ऑक्सफर्डच्या रोमन अर्थव्यवस्था प्रकल्पाची जहाजांची सूची आणि बार्सिलोनाचा अँफोरांवरच्या ठशांचा आणि शाईच्या लेखनाचा संग्रह सर्वांना खुले आहेत. प्रस्तावाच्या शेवटी एकच वाक्य: 'मार्गदर्शकाच्या सल्ल्याने पुढे अमुक प्रकारच्या अप्रकाशित साहित्यासाठी परवानगी मागता येईल.'

अभ्यासाच्या नावाखालीही प्राचीन वस्तू विकत घेऊ नका, बाजारातल्या वस्तूवर लेखही लिहू नका. ती कोणत्या स्तरातून आली हे हरवलेले असते, आणि एका लेखाने तिची किंमत वाढते. भारतात १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू आहे.

## टप्पा ५: मार्गदर्शकाला पत्र

विद्यापीठाचे नाव पाहू नका, गेल्या पाच वर्षांत त्या व्यक्तीने काय छापले ते पाहा. यादीत पाच-सहा जण पुरेत.

पत्र दोनशे शब्दांच्या आत ठेवा. पहिल्या ओळीत प्रश्न. मग त्यांच्या कोणत्या लेखातल्या कोणत्या निष्कर्षाशी तो जोडतो ते. मग भाषा आणि खापरांचे काम, ठोस शब्दांत: 'ग्रीक दोन वर्षे, गद्य वाचते, एका हंगामात काठांची चित्रे काढली, नमुने जोडले आहेत.' शेवटी एकच विचारणा: पुढच्या वर्षी तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का?

दहावी-बारावीचे टक्के, 'लहानपणापासून इतिहासाची आवड', आणि सर्वांना एकच मजकूर, या तीन गोष्टी पत्राला कचऱ्यात नेतात. तीन आठवडे उत्तर आले नाही तर एकदाच स्मरणपत्र पाठवा.

## टप्पा ६: पैसा आणि अर्ज

अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. पाच ते सात वर्षे लागतात, पण मान्य झालेल्या जागेला बहुधा शुल्कमाफी आणि विद्यावेतन असते. ब्रिटनमध्ये एक-दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आधी, मग तीन-चार वर्षांची पीएचडी, आणि पैसा वेगळा शोधायचा. भाषा कच्च्या असतील तर अमेरिकेतले पदवीनंतरचे खास भाषावर्ष हा मधला मार्ग आहे, पण त्याला मदत क्वचित मिळते.

शिष्यवृत्त्यांत ऱ्होड्स, फेलिक्स, इन्लॅक्स, कॉमनवेल्थ, फुलब्राइट-नेहरू आणि जे. एन. टाटा एन्डाउमेंट पाहा. शेवटची कर्जाऊ आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. विषय, वय आणि विद्यापीठाच्या क्रमांकाच्या अटी दरवर्षी मूळ जाहिरातीतच वाचा, ऐकीव माहितीवर राहू नका.

कामाचे वेळापत्रक उलटीकडून लावा. अमेरिकेचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, ब्रिटनमध्ये निधी हवा असेल तर तारीख त्याच सुमारास असते, ऱ्होड्सची त्याच्याही कित्येक महिने आधी, पावसाळ्यात. म्हणून:

१. मार्च-एप्रिल: विद्यापीठाकडून गुणपत्रकांचे अधिकृत उतारे मागा. आपल्याकडे याला लागतो तेवढा वेळ कशालाच लागत नाही.

२. मे ते जुलै: लेखननमुना. पंधरा-वीस पाने, त्यात तुम्ही स्वतः केलेला एक तक्ता किंवा चित्र हवेच. प्रबंधाचा पहिला 'पार्श्वभूमी' भाग कधीही पाठवू नका. तुम्ही जिथे पुरावा तपासता तेच प्रकरण पाठवा.

३. ऑगस्ट: शिफारस देणाऱ्या तिघांना भेटा. एक भाषेचा, एक मैदानी कामाचा, एक प्रबंधाचा. विभागप्रमुख मोठे म्हणून त्यांचे पत्र घेऊ नका. ज्या सरांनी किंवा मॅडमनी तुमचे काम प्रत्यक्ष पाहिले त्यांचे घ्या, आणि त्यांना तुमची चित्रे, लेखननमुना व तारखांचा कागद द्या.

४. सप्टेंबर-ऑक्टोबर: प्रत्येक विद्यापीठासाठी निवेदनाचा शेवटचा परिच्छेद वेगळा लिहा.

सावधान: साठ टक्क्यांचा 'प्रथम वर्ग' परदेशी वाचकाला कमी वाटतो. गुणपत्रकाबरोबर गुणपद्धतीचे स्पष्टीकरण आणि वर्गातला क्रमांक जोडा.

## टप्पा ७: प्रवेशानंतर

पहिली दोन वर्षे भाषांच्या परीक्षांत जातात, त्यात जर्मनही येते. त्याच काळात एका प्रकल्पावर खापरांची एक गटवारी स्वतःच्या नावाने मागून घ्या. छोटी असली तरी चालेल. प्रकाशित झालेली कॅटलॉगची तीस पाने नोकरीच्या अर्जात तात्त्विक निबंधापेक्षा जास्त बोलतात.

पाण्याखालच्या पुरातत्त्वाचा मोह होतो. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचे उलुबुरुनचे जहाज १९८४ ते १९९४ असे अकरा हंगाम उकरले गेले, त्यात सुमारे दहा टन तांबे आणि एक टन कथील होते. पण डायव्हिंगचा परवाना म्हणजे संशोधन नव्हे. उत्खनन संपल्यावर क्षार काढणे, जतन आणि नोंदणी यांत त्याहून जास्त काळ गेला. त्या कामाची तयारी असेल तरच तिकडे वळा.

नोकऱ्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवे. या क्षेत्रात कायम जागा थोड्या आहेत आणि एकेका जागेला अर्ज प्रचंड येतात. अमेरिकेतल्या जाहिराती शरद ऋतूत निघतात. जानेवारीच्या वार्षिक परिषदेत निदान एक निबंध वाचलेला असू द्या. बांधकामाआधीच्या बचाव-उत्खननांत आणि संग्रहालयांत खापरतज्ज्ञाला काम मिळते, ते कमी दर्जाचे समजू नका.

भारतात परतायचे असेल तर निव्वळ ग्रीक-रोमन पुरातत्त्वाच्या जागा इथे जवळपास नाहीतच. म्हणून माझा आग्रह असतो की प्रबंधात हिंदी महासागराकडची एक बाजू ठेवा: तांबड्या समुद्रावरचे बेरेनिके, केरळातले पट्टणम, पुदुच्चेरीजवळचे अरिकामेडू, किंवा कोल्हापूर आणि तेरच्या संग्रहालयांतले भूमध्य बनावटीचे नमुने. यूजीसी-नेटची पुरातत्त्व विषयाची परीक्षा परदेशी जाण्याआधीच देऊन टाका आणि परदेशी पदवीच्या समकक्षतेची कागदपत्रे पदवीदान झाल्याच्या वर्षीच मागवा. नंतर तिथल्या कार्यालयांशी पत्रव्यवहार करणे फार अवघड जाते.